हेम्प सीड्ससोबत आठ महिने: न शिजवलेल्या वीगन जेवणाचा अनुभव

डबा उघडला की आधी वास घ्यायचा, मग चिमूटभर बिया तोंडात टाकायच्या आणि मगच पुढच्या कामाला लागायचं. आठ महिन्यांत हेम्प सीड्सनी, म्हणजे भांगेच्याच जातीच्या झाडाच्या खाण्याच्या बियांनी, मला ही सवय लावली आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते. सोललेल्या ताज्या बिया मऊ असतात, दाताखाली सहज दबतात. चव अक्रोड आणि सूर्यफुलाच्या बिया यांच्या मधली कुठेतरी. रंग सायीसारखा, मध्ये मध्ये हिरवे ठिपके. वास जवळजवळ नसतोच.

हे सगळं कळलं ते माझं दुसरं पाकीट खवट निघालं म्हणून. पहिलं पाकीट छान होतं, त्यामुळे दुसरं मोठं घेतलं, पारदर्शक पिशवीतलं. सकाळी त्याचं दूध काढत होते, तेवढ्यात आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अगं, ऑइलपेंटसारखा वास कशाचा येतोय?" तिने अगदी नेमकं ओळखलं होतं. हेम्पच्या बियांचं तेल जवसाच्या तेलासारखंच हवेत सुकणारं तेल आहे आणि अशी तेलं रंग बनवायलाही वापरतात. १०० ग्रॅम सोललेल्या बियांमध्ये जवळपास ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातला बहुतेक भाग हवा, उजेड आणि उष्णता लागली की लवकर बिघडणाऱ्या प्रकारचा आहे. सालासकट बी आत सुरक्षित असते. साल काढलं की ते संरक्षण गेलं. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, या बियांचा वास असाच असतो. पैसे परत मिळाले नाहीत. पैशांपेक्षा जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं, की एखाद्याने पहिल्यांदाच असं पाकीट घेतलं तर त्याला हीच खरी चव वाटेल आणि तो पुन्हा कधी या बियांच्या वाटेला जाणार नाही.

तेव्हापासून मी लहान पाकीटच घेते. पॅकिंगची तारीख बघते, आतलं दिसणार नाही असंच वेष्टन निवडते आणि घरी आणल्या आणल्या बिया घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवते. बियांमध्ये पाणी फारच कमी असल्यामुळे त्यांचा गोळा होत नाही. डब्यात चमचा घालायचा आणि थेट मिक्सरच्या भांड्यात.

आता मुळात हे सगळं सुरू का केलं ते सांगते. मी पूर्णपणे रॉ वीगन नाही. सकाळचं आणि रात्रीचं खाणं न शिजवलेलं, दुपारचं शिजवलेलं, दोन्ही वनस्पतिजन्य. 'रॉ' म्हणजे नेमकं किती तापमानापर्यंत, यावर एकमत नाही. कुणी ४२ अंश सेल्सियस धरतं, कुणी ४८. मी ४६ धरते, कारण माझ्या डिहायड्रेटरवर, म्हणजे मंद उबेत पदार्थ सुकवणाऱ्या यंत्रावर, तो आकडा आहे. यात कसलं तत्त्वज्ञान नाही. रात्री हलकं खाल्लं की मला झोप चांगली लागते, आणि भाज्या पोटात जाण्याचं प्रमाण आपोआप वाढतं.

हेम्प येण्याआधी माझी सगळी मदार काजूवर होती. रॉ पदार्थांत साय, सॉस, चीज, काहीही म्हटलं की काजू. पण काजू चार तास तरी भिजवावे लागतात, आणि सकाळी भिजवायला विसरलं की रात्रीचा बेत गेला. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. 'कच्चे' म्हणून विकले जाणारे काजू खऱ्या अर्थाने कच्चे नसतातच. काजूच्या कवचात त्वचेला भाजून काढणारं तेल असतं, त्यामुळे ते फोडण्याआधी सहसा वाफवतात किंवा भाजतात. हेम्पचं तसं नाही. सोललेली बी भिजवावी लागत नाही, गाळावी लागत नाही, साध्या मिक्सरमध्येही मिनिटभरात मऊसूत होते. आठ महिन्यांनंतरही मी याच्याशी टिकून आहे त्याचं खरं कारण पोषण नाही, ही सोय आहे. दमून घरी आल्यावर पाच मिनिटांत दाट सॉस तयार होतो, आणि समोर नुसती चिरलेली भाजी असली तरी तिचं जेवण होतं.

रोज लागतं ते दूध. ८० ग्रॅम बिया, ७५० मिली गार पाणी, दोन बिनबियांचे खजूर, चिमूटभर मीठ. आधी पाव भागच पाणी घालून घट्ट फिरवायचं, म्हणजे बिया पात्याखाली नीट सापडतात, मग उरलेलं पाणी. वरती बोटभर फेस येतो, तो बसू द्यायचा. तासाभराने फ्रीजमध्ये बाटली बघितली तर खाली पातळ पाणी आणि वर साय असे दोन थर दिसतात. पहिल्यांदा मला वाटलं नासलं. नासलेलं नसतं. विकतच्या दुधात थर वेगळे होऊ नयेत म्हणून सहसा काहीतरी घातलेलं असतं, आपल्यात नसतं, एवढाच फरक. बाटली हलवली की पुन्हा एकजीव. तीन दिवस टिकतं. गरम कॉफीत मात्र माझ्याकडे हे दूध दर वेळी फाटलं, त्यामुळे तो प्रयत्न मी सोडून दिला. गार कोकोसाठी उत्तम.

सॉसची माझी पद्धत अशी: चार मोठे चमचे बिया, अर्ध्या लिंबाचा रस, लसणाची अर्धीच पाकळी, मीठ, मूठभर कोवळी हिरवी पानं आणि चार-पाच चमचे पाणी. लसूण अर्धीच, कारण कच्चा लसूण वाटला की झणझणीत होतो आणि सगळ्यावर मात करतो. हा सॉस मी झुकिनीच्या (काकडीसारख्या दिसणाऱ्या कोवळ्या भोपळ्याच्या) लांब पट्ट्यांवर घालते. सुरुवातीला ताटात दहा मिनिटांत पाण्याचं तळं व्हायचं. सॉसमधलं मीठ झुकिनीतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून. आता पट्ट्यांना आधीच मीठ लावून दहा मिनिटं ठेवते, मुठीत घट्ट पिळते आणि मग सॉसमध्ये मीठ घालत नाही. गाजराच्या किसाबरोबरही हा सॉस छान लागतो, आणि तिथे त्याचा आणखी उपयोग आहे. गाजरातलं कॅरोटीन शरीरात शोषलं जायला सोबत स्निग्धांश लागतो, तो या बिया देतात. तरी खरं सांगायचं तर गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर जास्त मिळतं, आणि क जीवनसत्त्व कच्च्यात जास्त टिकतं. दुपारचं जेवण मी शिजवलेलं ठेवते त्यामागे हेही एक कारण आहे.

सगळंच जमलं असं नाही. एकदा बिया सालासकट घेतल्या, चोथा (फायबर) जास्त मिळेल म्हणून. मिळतो हे खरं, सोललेल्यांत १०० ग्रॅममागे जेमतेम ४ ग्रॅम असतो. पण ते टणक साल मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी वाळूसारखं दाताखाली येत राहिलं, आणि दूध मातकट रंगाचं झालं. चोथ्यासाठी भाज्या आहेत, बियांकडून ती अपेक्षा मी सोडली.

चीजचं तर मला मनापासून वाईट वाटलं. आंबवलेल्या कोबीचं पाणी घालून हेम्पचं वाटण २४ तास ठेवलं. आंबटपणा सुरेख आला, पण घट्ट होईना, आणि रंग हिरवट करडा. काजूत बऱ्यापैकी स्टार्च असतो, त्यामुळे त्याचं वाटण धरून बसतं. हेम्पमध्ये तो जवळपास नसतो. आता चीजसाठी अजूनही काजूच भिजवते आणि हेम्प वरून भुरभुरते.

कोको-खजुराच्या लाडवांत उलट झालं. सगळं एकत्र टाकून फूड प्रोसेसर जास्त वेळ चालवला, बियांनी तेल सोडलं आणि मिश्रण हाताला चिकटेनासं, तुपकट झालं. बिया शेवटी, हाताने मिसळायच्या. जवसाच्या क्रॅकर्समध्येही असंच. भिजवलेल्या जवसाच्या बुळबुळीतपणामुळे गाजराचा चोथा वगैरे सगळं एकत्र बांधलं जातं, त्यात मी हेम्पही घालायचे. पण ४६ अंशांवर सोळा तास सुकवल्यावर त्याची ताजी चव जाते आणि ते क्रॅकर्स चार-पाच दिवसांत खवट लागायला लागतात. नुसत्या अख्ख्या जवसाचे तसे होत नाहीत, कारण जवसाचं साल शाबूत असतं. म्हणून डिहायड्रेटरमध्ये हेम्प नाही.

पोषणाबद्दल जे आकडे पक्के आहेत तेवढेच लिहिते. तीन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम सोललेल्या बियांत ९ ते १० ग्रॅम प्रथिनं, सुमारे १६५ कॅलरी, २०० मिलीग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि चांगलं जस्त मिळतं. लोह साधारण अडीच मिलीग्रॅम, आणि ते नीट शोषलं जावं म्हणून माझ्या प्रत्येक सॉसमध्ये लिंबू असतं. ओमेगा ६ आणि ओमेगा ३ यांचं प्रमाण साधारण तीनास एक आहे. सगळी आवश्यक अमिनो आम्लं यात असली तरी लायसिन कमी पडतं, म्हणून मी सोबत ताजे हिरवे मटार किंवा मोड आलेले मसूर घेते. एकट्या हेम्पवर प्रथिनांची गरज भागेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि ब१२ यात अजिबात नाही, कुठल्याच न शिजवलेल्या वनस्पतिजन्य पदार्थात ते भरवशाने मिळत नाही. मी ब१२ची गोळी नियमित घेते. याला पर्याय म्हणून समुद्री शेवाळाच्या पावडरी सुचवणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ब१२च्या कमतरतेने मज्जातंतूंना झालेली इजा कधीकधी भरून येत नाही.

मोडांबद्दलही काळजीने सांगते. राजमा कच्चा, मोड आणूनही खाऊ नये, त्यातलं लेक्टिन विषारी असतं आणि नीट उकळूनच जातं. बाकीच्या मोडांनाही जी ऊब आणि ओल लागते तीच जिवाणूंना आवडते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची जी मोठी साथ आली तिचा माग मेथीच्या मोडांपर्यंत लागला होता, आणि त्यात ५० हून अधिक माणसं गेली. म्हणून मी मोड थोडेच आणते, दिवसातून तीनदा धुते, फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवते आणि आईला मात्र वाफवूनच देते. गरोदर बायका, लहान मुलं, वयस्कर माणसं यांनी कच्चे मोड टाळलेले बरे.

सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, नशा येते का? नाही येत. झाड भांगेच्याच जातीचं, कॅनबिस सटायव्हा, पण हेम्पच्या वाणांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, मुळातच अगदी कमी असतं आणि बी तर ते बनवतच नाही. बीभोवतीच्या पानांचा चीक सालाला चिकटून अंश येऊ शकतो, तो सोलताना आणि स्वच्छ करताना बहुतेक निघून जातो. ज्यांची खेळासाठी किंवा नोकरीसाठी चाचणी होते त्यांनी मात्र आधी आपल्याकडचे नियम विचारून घ्यावेत. त्याच हिशेबाने, सीबीडीचे (याच झाडातल्या, नशा न आणणाऱ्या दुसऱ्या रसायनाचे) फायदे मिळतील म्हणूनही या बिया घेऊ नयेत, तेही बियांत नसतं.

पोटाचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे गॅस झाले. एकदम दोन वेळचं कच्चं सुरू केलं ही माझी चूक. आठवडाभर रात्रीचंच ठेवलं, मग हळूहळू सकाळ जोडली, तेव्हा जमलं. बियांचं प्रमाण दिवसाला तीन-चार चमचे. एकदा दूध, सॉस आणि लाडू असं सगळं एकाच दिवशी झालं तेव्हा पोट ढिलं झालं होतं. तिसऱ्या महिन्यात वजन दोन किलोने उतरलं, ते मला नको होतं. सकाळी अक्रोड आणि अ‍ॅव्होकॅडो वाढवल्यावर थांबलं.

आता घरात सगळ्यांना आवडणारा एकच पदार्थ आहे, तो स्विस डॉक्टर बिर्शर-बेनर यांच्या म्युस्लीवरून घेतलेला. त्यांनी ती साधारण १९०० च्या सुमारास रुग्णांसाठी सुरू केली. त्यात मुख्य होतं किसलेलं सफरचंद, ओट्स केवळ चमचाभर, वर लिंबाचा रस, बदाम किंवा अक्रोडासारखं काहीतरी आणि आटवलेलं गोड दूध. बाजारातले ओट्स वाफवलेले असतात, म्हणून मी त्याऐवजी रात्री भिजवलेला कच्चा बकव्हीट (कुट्टू) घेते, आणि आटवलेल्या दुधाच्या जागी घट्ट काढलेलं हेम्पचं दूध. सफरचंद सालासकट किसायचं, किसल्या किसल्या लिंबू पिळायचं, नाहीतर काळं पडतं. वरून चमचाभर बिया. आईला ते गार आवडत नाही, म्हणून तिचं दूध मी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवते.