जर्मनीचा आयपी खरा निघाला, मुंबईचा खोटा: सात महिने व्हीपीएन वापरून

सात महिने झाले व्हीपीएनचे पैसे भरून, आता लिहायला हरकत नाही. व्हीपीएन म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून फिरवून आणणारं ॲप, साइटला आपला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तिकडचा दिसतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण त्यांच्याशी हुज्जत घालत बसायला मला वेळ नाही. जाहिराती युट्यूबवर बघून बघून तुम्हाला पाठ झाल्या असतील अशांपैकीच एक आहे एवढं समजा.

मी घेतलं ते कामासाठी. परळला राहते, घरून काम करते, एका छोट्या कंपनीची वेबसाइट सांभाळते, आमच्या लेदरच्या बॅगा धारावीत बनतात आणि युरोपात ऑनलाइन विकल्या जातात. आता जर्मनीतल्या माणसाने साइट उघडली की किंमत युरोत आणि त्यांचा १९ टक्के व्हॅट धरून दिसली पाहिजे, लंडनवाल्याला पाउंडात आणि २० टक्के धरून, शिवाय ती कुकीची (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती नोंद) परवानगी मागणारी पट्टी यायला हवी, आणि हे सगळं मला परळमध्ये बसून दिसणार कसं? आधी मी लंडनच्या ताईला स्क्रीनशॉट मागायचे. ती म्हणायची, "अगं मी ऑफिसात आहे, रात्री बघते." तिची रात्र म्हणजे माझी पहाट. शेवटी कंटाळून व्हीपीएन घेतलं.

या कामाला मात्र एक नंबर आहे, खोटं कशाला बोलू. फ्रँकफर्ट निवडायचं, बटण दाबायचं, चार-पाच सेकंदात आपण जर्मन. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, जर्मनीतून ७० च्या आसपास मिळतात, अमेरिकेतून संध्याकाळी ४५ वर येतात. सेटिंगमध्ये प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) वायरगार्ड ठेवा, ओपनव्हीपीएनवर माझा स्पीड निम्मा होत होता. पिंग (डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) १३० मिलिसेकंद वगैरे असतो, म्हणजे क्लिक केल्यावर पानं किंचित रेंगाळतात, पण त्याला इलाज नाही, आपला डेटा वर्सोव्याला समुद्रात शिरून केबलमधून तिकडे जातो आणि तसाच परत येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा हाच पिंग २०० च्या वर गेला होता. मी नवीनच होते, दोन दिवस सपोर्टवाल्यांना शिव्या घातल्या, त्यांचा काही दोष नव्हता बिचाऱ्यांचा.

पहिल्या दिवशी एक गंमत झाली. व्हीपीएन जर्मनीचं आणि साइट मला रुपयेच दाखवतेय. मला वाटलं पैसे बुडाले. मग कळलं की मी नुसतं ब्राउझरचं एक्स्टेन्शन चालू केलं होतं एका ब्राउझरमध्ये आणि साइट उघडली होती दुसऱ्यात. ते नीट केलं तरी रुपयेच, कारण जुन्या कुकीज तशाच होत्या. काही साइट्स तर आयपीबरोबर ब्राउझरची भाषा, कॉम्प्युटरचं घड्याळ कुठल्या वेळेवर आहे तेही बघतात, आणि लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर विषयच संपला, तुम्ही परळमध्ये आहात हे तुम्हीच सांगितलंत. त्यामुळे प्रायव्हेट विंडो उघडा आणि आधी लीक टेस्टच्या (आपला खरा पत्ता कुठून निसटतोय का ते दाखवणाऱ्या) पानावर जाऊन आयपीव्ही४, आयपीव्ही६ (आयपीचा जुना आणि नवा प्रकार) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारा सर्व्हर) तिन्ही एकाच देशाचे दिसतायत का बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर नक्की बघा, आपल्याकडे मोबाइल नेटवर आयपीव्ही६ सर्रास असतो आणि नेमका तोच निसटतो.

आता खरा झोल. व्हीपीएनच्या एका सबस्क्रिप्शनवर बरीच उपकरणं चालतात म्हणून ताईच्या लॅपटॉपवरही टाकून दिलं, तिला मराठी मालिका बघायच्या होत्या, यादीत "भारत, मुंबई" असं झेंड्यासकट लिहिलेलं. तिने लावलं, आयपी भारताचा आला, खूष झाली. मालिका काही लागेना, ओटीटीवाले व्हीपीएन ओळखून हाकलून देतात. ते ठीक, अपेक्षित होतं. पण मी सहज विचारलं, पिंग किती येतो गं? म्हणाली ९.

९ मिलिसेकंद! लंडन ते मुंबई सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे नुसतं जाऊन यायलाच ७२ मिलिसेकंद लागतात तेही समुद्रात सरळ रेषेत केबल टाकली तर. ९ मध्ये मुंबई होत नाही, लंडनच्या आसपासच कुठेतरी होतं. म्हणजे सर्व्हर तिकडेच होता, फक्त आयपीवर भारताचा शिक्का. याला व्हर्च्युअल लोकेशन म्हणतात, आणि ही काही चोरी नाही, कुठला आयपी कुठल्या देशाचा हे शेवटी डेटाबेसमधल्या नोंदीवर ठरतं, मशीन कुठे ठेवलंय त्यावर नाही.

कारण पण खरं आहे. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएनवाल्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, दिलेला आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवायचं. आमच्याकडे लॉग (गिऱ्हाइकाच्या वापराच्या नोंदी) नसतात हेच ज्यांचं भांडवल त्यांना ते कसं परवडणार, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी त्या वर्षी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आपण व्हीपीएन वापरायला त्या आदेशात बंदी नाही, जबाबदारी कंपनीवर टाकलीय. माझा राग एवढाच की यादीत नावापुढे बारीक अक्षरात "व्हर्च्युअल" लिहायला काय जातं? यांच्या वेबसाइटवर लिहिलंय, मदतीच्या पानांत खोल कुठेतरी, ॲपमध्ये नाही. जर्मनीचा मी तपासला, तो खरा आहे. तुम्ही घेतलंत तर पिंग बघून आपला आपण हिशोब करा, एका किलोमीटरच्या जाण्यायेण्याला मिलिसेकंदाचा शंभरावा भाग धरा. मालिकेचं म्हणाल तर आई रोज ताईला फोनवर अख्खा एपिसोड सांगते, त्याला काही व्हीपीएन लागत नाही.

दादाचं वेगळंच. त्याने कुठेतरी ऐकलं की परदेशी आयपीवरून विमानाचं तिकीट स्वस्त पडतं. "अगं तू लावून तर बघ!" लावलं. इकडे ४८,००० दाखवत होते, तिकडच्या चलनात हिशोब केल्यावर ४७,२०० झाले, साहेब हवेत. मग त्याच्या कार्डाचा परदेशी व्यवहाराचा मार्कअप साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,९५० रुपये वर. ८०० वाचवायला निघालेला माणूस ११५० च्या खड्ड्यात जाता जाता वाचला. मग त्याला भारतात न मिळणारं एक गेमचं ॲप हवं होतं, तेही झालं नाही, प्ले स्टोअरचा देश अकाउंटला चिकटलेला असतो, वर्षातून एकदाच बदलता येतो आणि त्या देशातलं कार्ड वगैरे लागतं. आयपी बदलून तो ढिम्म हलत नाही.

रोजच्या वापरात डोक्याला शॉट म्हणजे बँक. आईने माझा फोन घेऊन बिल भरायला तिचं बँकेचं ॲप उघडलं, मागे जर्मनी चालूच, तीन वेळा लॉगिन फेल आणि ॲप लॉक. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन पासबुक दाखवा, सही करा, वर तिचं ऐकून घ्या. आता स्प्लिट टनेलिंगमध्ये बँका आणि यूपीआय बाहेर काढून ठेवलेत, म्हणजे ते सरळ आपल्या नेटवरून जातात. हे माझ्या ॲन्ड्रॉइडवर आहे, दादाच्या आयफोनवर त्या ॲपमध्ये हा पर्यायच नाही. किल स्विचचंही तसंच, व्हीपीएन तुटलं की अख्खं नेट बंद करतो, कामाला उत्तम, पण परळ स्टेशनच्या जिन्यावर नेटवर्क गेलं-आलं, व्हीपीएन जोडलं जाईना आणि तिकिटाचं ॲप उघडेना, समोरून लोकल गेली. आता घराबाहेर पडताना बंदच करते. गूगलवर दर थोड्या वेळाने ट्रॅफिक सिग्नल ओळखा, बस ओळखा, तेही आहेच, एकाच आयपीवर आपल्यासारखे बरेच जण बसलेले असतात ना.

पैशांचं बोलायचं तर महिन्याचा प्लॅन महाग आहे, दोन वर्षांचे एकदम भरले तर महिन्याला अडीचशेच्या आसपास पडतात, वर जीएसटी, आणि पहिली मुदत संपली की भाव जवळपास दुप्पट. मी ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद केलं. ३० दिवसांत पैसे परत म्हणतात, शेजारच्या वहिनींना खरंच मिळाले, आठवडाभरात, फक्त चॅटवर "का जाताय" हे चार वेळा विचारलं. माझ्यासारखं दुसऱ्या देशातून साइट बघायचं काम असेल तर घ्या, मालिका आणि स्वस्त तिकिटासाठी घेत असाल तर आधी एकच महिना घेऊन त्या ३० दिवसांत सगळं तपासून बघा, आणि बँकेचं ॲप पहिल्या दिवशीच बाहेर काढा.