होंडा सिटी १.५ व्हीटेकच्या हवेच्या वाटेचे काम: सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील एका गॅरेजचा अनुभव

माझी होंडा सिटी १.५ व्हीटेक २००२ सालची आहे. १०६ अश्वशक्तीचे हे इंजिन त्या काळी आपल्याकडच्या चपळ इंजिनांत गणले जाई, आणि वरच्या आरपीएमला झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा दुसरा, अधिक उंच लोब (उंचवटा) कामाला लागल्यावर त्याचा आवाज व ओढ कशी बदलते हे ज्याने अनुभवले आहे तो माणूस ही गाडी सहसा विकत नाही. गेल्या दोन वर्षांत मात्र ती ओढ मंदावली होती. तुळजापूरच्या घाटात पूर्वी तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसरा मागू लागली. अखेर अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका छोट्या गॅरेजात मी इंजिनात हवा येण्याच्या आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटेचे सगळे काम करून घेतले. त्यानंतर गाडी सहा हजार किलोमीटर चालली आहे, म्हणून आता मत लिहायला हरकत नाही. गॅरेज एकटे मिस्त्री दोन मुलांच्या मदतीने चालवतात. हातात आधीच भरपूर काम असल्याने नाव छापू नये अशी त्यांचीच विनंती आहे.

गाडीवर त्या वेळी उघडा कोन फिल्टर होता, म्हणजे बंद डब्याशिवाय थेट बॉनेटखालची हवा घेणारा, शंकूच्या आकाराचा हवेचा फिल्टर. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातील एका दुकानातून मी तो बसवून घेतला होता, मूळ फिल्टर बॉक्स काढून माळ्यावर टाकला होता, आणि बॉनेटखालून येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजालाच ताकद समजत होतो. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, कोन पाहिला आणि म्हणाले, "मालक, आधी मोजू, मग काय कापायचं ते ठरवू." या एका वाक्यामुळे मी गाडी तिथे ठेवली.

मोजण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी त्यांनी एका फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बांधली, तिच्यात कुंकवाचे लाल पाणी भरले, एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यामधल्या पाइपला जोडले आणि फळी माझ्या शेजारच्या सीटवर उभी धरून ते स्वतः बसले. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जितका फरक पडेल, तितका अडथळा हवेच्या वाटेत आहे असा त्याचा अर्थ. कोन फिल्टरवर फरक दोन इंच आला. माळ्यावरचा मूळ बॉक्स पुन्हा बसवल्यावर तो अकरा इंच झाला. आकडे पाहून मला वाटले की माझी निवडच बरोबर होती.

त्यांनी मग त्याच पाइपमध्ये तापमानाची वायर सोडली. मे महिन्याची दुपार होती आणि बाहेर ४१ अंश होते. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना कोन फिल्टरमधून इंजिनात जाणारी हवा ६८ अंशांवर गेली आणि मोकळ्या रस्त्यावरही ती ५७ च्या खाली उतरली नाही. मूळ बॉक्स पुढच्या बाजूने, बाहेरची हवा घेतो. त्यात धावत्या गाडीत ४४ अंश दिसले. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने इथल्या हवेचा दाब पाण्याच्या उंचीत मोजल्यास साधारण ३८५ इंच भरतो. म्हणजे कोन फिल्टरने वाचवलेल्या नऊ इंचांची किंमत जेमतेम सव्वादोन टक्के होती, तर तेरा अंशांच्या जादा उष्णतेने विरळ झालेल्या हवेमुळे सुमारे चार टक्के हवा कमी मिळत होती. तीन वर्षे मी पैसे देऊन ताकद घालवत होतो, हे त्या दिवशी आकड्यांनी दाखवले. थंड प्रदेशातील लोकांचे अनुभव वाचून आपल्याकडे सुटे भाग मागवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा, असे मला मनापासून वाटते.

पुढचा शोध अधिक उपयोगी ठरला. बॉक्समधील कागदी फिल्टर काढून पुन्हा मोजले तेव्हा अकरा इंचांतले फक्त दोन कमी झाले. उरलेला अडथळा हवा आत घेणाऱ्या अरुंद नळीत आणि वयोमानाने मऊ पडून ओढीने आत चेपणाऱ्या रबरी पाइपमध्ये होता. त्यामुळे बॉक्स तसाच ठेवून हे दोन भाग बदलायचे ठरले. शेजारी पॉवरलूमचे सुटे भाग करणारा लेथवाला आहे. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपचे तुकडे बेतून दिले आणि आर्गन वेल्डिंगने त्यांचा नवा पाइप तयार झाला. आतल्या बाजूला वेल्डिंगचा उंचवटा राहिला होता, तो मिस्त्रींनी बोट फिरवून शोधला आणि गुळगुळीत होईपर्यंत घासून घेतला. आता कागदी फिल्टरसकट फरक पाच इंच येतो आणि हवा थंडच राहते.

फिल्टर कोणता, यावर आमची बरीच चर्चा झाली. तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर लोकप्रिय आहेत आणि त्यांतून हवा थोडी मोकळी जाते हे खरे आहे. ज्या गाड्यांत हवा मोजणारा तापलेल्या तारेचा सेन्सर असतो, तिथे हे तेल जास्त झाल्यास तारेवर बसून रीडिंग बिघडवते. सिटीचे इंजिन इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील) दाबावरून हवेचा अंदाज घेत असल्याने तो धोका इथे नव्हता. तरीही मिस्त्रींनी टॉवेलच्या पांढऱ्या कापडाचा तुकडा माझ्या जुन्या पाइपमधून फिरवला आणि समोर धरला. तेल लावलेल्या कोन फिल्टरमागचा तो पाइप होता आणि कापडावर पिठासारखी बारीक करडी धूळ होती. होटगी रोड परिसरातील रस्त्यांवर आणि उन्हाळ्यात शेतांतून उडणारी काळ्या मातीची धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही धूळ पिस्टन रिंगांचे काय करेल हे सांगावे लागणार नाही. मी कंपनीचा कागदी फिल्टरच घेतला असून तो दर ५,००० किलोमीटरला बदलतो.

थ्रॉटल बॉडी स्वच्छ केली, तिच्या कडेला जमलेले कार्बनचे कडे काढले आणि इनटेक मॅनिफोल्डचे तोंड गॅस्केटशी (सांधा हवाबंद करणाऱ्या पातळ पट्टीशी) जुळवून घेतले. मोठी थ्रॉटल बॉडी मला हवी होती. या इंजिनाला तिचा फायदा होणार नाही असे सांगून त्यांनी ती विकायला नकार दिला.

हेडरच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या संचाच्या, कामाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. चार नळ्या आधी दोन आणि मग एक होतात असा हेडर बसवला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मूळ सायलेन्सर जागेवर ठेवला, त्यामुळे आवाज वाढला नाही आणि पीयूसीही अडली नाही. सहाशे किलोमीटरनंतर अ‍ॅव्हरेज १३ वरून साडेदहावर आला. हेडरचा फ्लँज (इंजिनाला जोडणारी सपाट कडा) किंचित वाकडा असल्याने गॅस्केटमधून बाहेरची हवा आत खेचली जात होती, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण विरळ भासत होते आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवत होता. बसवण्यापूर्वी सपाट पट्टी लावून पाहिली असती तर हे टळले असते. मिस्त्रींनी चूक मान्य केली, फ्लँज लेथवर सपाट करून आणला आणि पैसे घेतले नाहीत. माझे चार दिवस मात्र गेले. बिलही हाताने लिहिलेले आणि अपुरे मिळाले, सुट्या भागांची किंमत व मजुरी त्यात वेगळी दाखवलेली नव्हती. एकूण खर्च ३१,००० रुपये झाला.

तुळजापूर रस्त्यावर पहाटे सहाला, त्याच सरळ पट्ट्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० हा वेग गाठायला आधी ९.२ सेकंद लागत होते, आता ८.३ लागतात. घाट तिसऱ्यावर चढतो. अ‍ॅव्हरेज पुन्हा १३ झाला आहे. हेडर मूळ भागापेक्षा जास्त तापतो आणि ती झळ नव्या पाइपपर्यंत पोहोचते, म्हणून मधे पत्र्याचा आडोसा बसवायचा आहे. हेडरला गुंडाळायची पट्टी पावसाळ्यात ओल धरून साध्या लोखंडाला गंज आणते, त्यामुळे ती नको असे आमचे दोघांचेही मत पडले. हे काम मार्चपूर्वी उरकायचे असून गाडी त्यासाठी याच गॅरेजात जाईल, फक्त या वेळी बिलाचा तपशील मी आधी लिहून घेणार आहे.