देवास नाक्याचे पंप-नोझलवाले काका: ३८ हजारांचा पंप वाचला

मी इंदूरच्या रामबागेत राहते आणि १४ वर्षं केटरिंग करते. माल वाहायला कॉमन रेलवाली (म्हणजे डिझेल फवारणाऱ्या सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून, ‘रेल’मधून, मोठ्या दाबाचं डिझेल जातं), बीएस-४ची डिझेल पिकअप आहे. मोठी पातेली, भट्ट्या, गॅसच्या टाक्या, पाण्याचे ड्रम असं सगळं धरून टनभर तरी वजन होतं. ही गाडी उभी राहिली की माझं कामही उभं राहतं. म्हणून ज्यांनी ती रस्त्यावर आणली, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे. ज्यांची पिकअप घाटात दम तोडते, त्यांनी जरूर वाचावं.

मे महिन्यात ओंकारेश्वरला एक मुंज होती. जाताना काही तक्रार नव्हती. परतताना बडवाह सोडलं, चोरल मागे टाकलं आणि भेरू घाटाच्या चढाला गाडी हुंदके द्यायला लागली. ॲक्सिलरेटर तळाला, तरी गाडी उचल घेईना. मग इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालू लागली. आमच्या ड्रायव्हरनं ती कडेला घेऊन बंद केली. दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला, तर काही झालंच नाही अशी सुरू झाली आणि सिमरोळपर्यंत नीट आली. पुढच्या तीन आठवड्यांत असं चार वेळा झालं. एकदा तर वरात दारात आली तरी जेवणाची भांडी रस्त्यातच होती.

आधी नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ००८७, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. त्यांनी डिझेल फिल्टर बदलला. आठवडाभरानं तेच. मग रेलचा प्रेशर सेन्सर बदलला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला म्हणाले, हाय प्रेशर पंप गेला, ३८ हजार लागतील, आणि नोझलचं खोलल्यावर सांगू. ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन मी दोन दिवस फिरले. लग्नसराईत माझ्यासाठी ही रक्कम लहान नाही.

माझ्या भावानं देवास नाक्याच्या मागच्या गल्लीतल्या या काकांकडे पाठवलं. मूळचे बऱ्हाणपूरचे, वय साठीच्या पुढे, आयुष्य पंप आणि नोझल यांतच गेलेलं. दुकान म्हणजे एक लांब शेड, आत टेस्ट बेंच (पंप-नोझल तपासायचं यंत्र), आणि बेंचपाशी एवढी स्वच्छता की मी चप्पल बाहेर काढायला निघाले होते. बोर्ड फिकट झालाय, गाडीतून दिसत नाही. वजनकाट्याच्या शेजारची गल्ली विचारा.

काकांनी बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते का? होते. गरम असताना बंद करून लगेच सुरू केली तर? तेव्हाही होते. टाकी कमी असताना जास्त त्रास होतो का? तसा काही फरक नाही. रस्त्यात थांबल्यावर आपोआप बरी होते? हो, दर वेळी. यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ताई, झिजलेला पंप दहा मिनिटं बसून बरा होत नाही. गरम डिझेल पातळ होतं, मग तो उलट जास्त गळतो आणि गाडी गरम असतानाच सुरू व्हायला त्रास देते. पंपाचं मला आत्ता वाटत नाही. पण मोजल्याशिवाय बोलणार नाही.”

मग त्यांनी मला पूर्ण वाट समजावली. टाकीतून डिझेल फिल्टरकडे येतं, तिथून हाय प्रेशर पंपात, पंपातून रेलमध्ये आणि रेलमधून चार नोझलमध्ये. रेलमधला दाब कमी पडण्याची कारणं या वाटेवर कुठेही असू शकतात: टाकीतून डिझेल पुरेसं येत नाही, वाटेत हवा धरते, पंप झिजला, रेलचा व्हॉल्व्ह गळतो, नाहीतर एखादी नोझल सगळं परतीच्या पाइपात सोडून देते. कोड एकच येतो. माझ्या गाडीत टाकीत मोटर नाही. हाय प्रेशर पंपाच्याच पाठीवर बसवलेला छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून तिथपर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. खाली डाग नाही म्हणून गळती नाही असं समजू नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पहिल्यांदा नवा सेन्सर तपासला. चावी चालू, इंजिन बंद, मल्टीमीटरवर अर्धा व्होल्ट. सेन्सर बरोबर. (जुनाही बरोबरच असणार, तो मी आता पिशवीत ठेवलाय.) मग चारही नोझलच्या रिटर्नला, म्हणजे परतीच्या तोंडाला, बारीक नळ्या लावून त्या रेघा आखलेल्या चार बाटल्यांत सोडल्या. इंजिन चालू. मी वाकून बघत होते. पहिली, दुसरी, चौथी बाटली जवळजवळ सारखी भरत होती. तिसरीत डिझेल दीड रेघ वर होतं. मला धस्स झालं. काका म्हणाले, थोडी सैल झाली आहे, पण एवढ्यानं घाटात गाडी बसत नाही. खराब नोझल बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट सोडते. तिला हात लावायची आज गरज नाही. दुसऱ्या कोणी त्या दीड रेघेवर चार नोझलचं बिल केलं असतं, मला ठाऊकही झालं नसतं.

पुढचा भाग मी उभी राहून पाहिला. टाकी आणि फिल्टर यांच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून त्यांनी ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज बसवला, फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळी टाकली आणि स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी लावले: इंजिनला हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळणारा. गाडी रेसवर ठेवली. नळीत बुडबुडा नाही, म्हणजे हवा धरत नव्हती. काटा शांत. पाच मिनिटं, आठ मिनिटं. ड्रायव्हर म्हणाला, काका, ही घाटातच रुसते. काकांनी मुलांना सांगून गाडीची पुढची बाजू जॅकवर उचलली, चढ असल्यासारखी तिरपी केली, आणि पुन्हा रेस. बाराव्या मिनिटाला काटा सरळ उडाला. कोणीतरी पेल्यातल्या स्ट्रॉचं टोक दाबावं तसा. लगेच स्कॅनरवरचे आकडे फाटले, मागणी ९०० बारची (बार हे दाबाचं माप) आणि मिळतोय ५००च्या आत. इंजिन हुंदके द्यायला लागलं, अगदी भेरू घाटातलंच. काकांनी बंद केलं. काटा हळूहळू खाली आला. पुन्हा सुरू, सगळं ठीक.

म्हणजे अडथळा फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. तरी त्यांनी टाकी उतरवली नाही. आधी टाकीची नळी काढून एका स्वच्छ कॅनमधून डिझेल दिलं आणि गाडी तशीच तिरपी ठेवून अर्धा तास चालवली. काटा जागचा हलला नाही, दोन्ही आकडे जोडीनं चालले. आता खात्री झाली, म्हणाले, आता खोला.

टाकी उतरली. तळाशी काळपट गाळ थोडाच होता. आणि त्यात पॉलिथिनचा एक तुकडा, माझ्या तळहातापेक्षा लहान, दुधाच्या पिशवीपेक्षा पातळ. काकांनी तो बोटांवर ताणून उजेडात धरला. मधोमध ओढणाऱ्या पाइपाच्या जाळीचा गोल ठसा उमटला होता, बारीक चौकटींसकट. पॉलिथिन डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशीच राहतं. चढाला डिझेलबरोबर सरकून पाइपाच्या तोंडाशी जायचं, ओढीनं जाळीला चिकटायचं, इंजिन बंद झालं की सुटून पडायचं. चार वेळांची सगळी कथा त्या ठशात होती.

तो आला कुठून, हेही कळलं. जनरेटरसाठी आम्ही कॅनमध्ये डिझेल नेतो. रस्त्यात कमी पडलं की त्यातलंच गाडीत ओततो. झाकण गळू नये म्हणून मुलं झाकणाखाली पिशवीचा तुकडा लावतात. चूक आमची होती.

एक गोष्ट खास सांगते. मागच्या ठिकाणी एक मुलगा इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून बघत होता, हे ड्रायव्हरनं सहज सांगितलं तर काका चिडलेच. जुन्या पंपाच्या गाड्यांत तसं करायचे. कॉमन रेलमध्ये एवढ्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येऊ शकते. तसं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठायचं. आपल्या गाडीपाशी कोणी असं करताना दिसलं तर थांबवा.

बिल: तपासणीचे १,५०० रुपये, टाकी उतरवून धुऊन बसवण्याचे १,८००, नवी जाळी आणि दोन नळ्या मिळून ६५०. एकूण ३,९५०. तपासणीचे पैसे वेगळे घेतात यावर माझ्यासमोर एक गिऱ्हाईक तणतणत होतं, की काही बदललंच नाही तर पैसे कसले. माझं मत साफ आहे. त्या दीड हजारांत चार तासांचं लक्ष होतं आणि त्यातूनच पंप वाचला. याआधी न लागणारा फिल्टर आणि सेन्सर यांत माझे सहा हजारांवर गेले होते, तेव्हा कुणी तपासणीचे पैसे मागितले नव्हते.

उणिवा आहेत. बसायला जागा नाही, मी दिवसभर उलट्या ड्रमवर बसले. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, जवळच्या पेट्रोल पंपावर जावं लागतं. फोन उचलत नाहीत, आणि सकाळी नऊच्या आत पोचला नाहीत तर नंबर दुसऱ्या दिवशी. बिल साध्या वहीच्या पानावर मिळालं. पक्कं हवं असेल तर आधीच सांगा. घाईचं काम असेल तर हे ठिकाण नाही.

त्यानंतर गाडी तीनदा ओंकारेश्वरला आणि एकदा भरल्या वजनानं मानपूरच्या घाटातून जाऊन आली. दिवा लागला नाही. कॅनची झाकणं बदलली, रबरी वायसर टाकले, आणि आता जाळीच्या नरसाळ्याशिवाय गाडीत थेंबही जात नाही. तिसऱ्या नोझलची बाटली पुन्हा लावून बघायला दिवाळीनंतर या, असं काकांनी सांगितलंय. तो आकडा इथेच खाली लिहीन.