नर्सरीतलं ‘अंब्रेला पाम’: घ्यावं का, आणि घेतलं तर ठेवावं कसं

जवळपास प्रत्येक नर्सरीत हे झाड ‘अंब्रेला पाम’ म्हणून विकतात. पामशी त्याचं जवळचं नातं नाही. हे सायपरस, म्हणजे आपल्या शेतातल्या लव्हाळ्याचं भावंड, मूळचं आफ्रिकेकडचं. एक दांडा आडवा कापून बघा. बांबूसारखी पोकळी नाही की पेरं नाहीत, आत पांढरा भुसभुशीत गर असतो. टोकावर छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली ‘पानं’ही खरी पानं नव्हेत, फुलांखालची छदं आहेत. खरी पानं दांड्याच्या बुडाशी तपकिरी आवरणं होऊन बसलेली असतात.

ही नावाची गफलत महागात पडते. पाम म्हटलं की ‘आठवड्यातून दोनदा पाणी, खाली पाणी साचू देऊ नका’ हा ठरलेला सल्ला मिळतो, आणि याच सल्ल्यानं झाड मरतं. याला पाय पाण्यात लागतात. कुंडी एकदा जरी पूर्ण कोरडी पडली तरी छत्र्यांची टोकं करपतात आणि करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही.

विकत घेताना उंची बघू नका, फुटवे बघा. चार फुटांच्या तीन दांड्यांपेक्षा दीड फुटाचे दहा-बारा दांडे असलेलं रोप केव्हाही चांगलं. छत्रीच्या मध्यभागी, जिथे सगळ्या काड्या एकत्र येतात, तिथे कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ते रोप परत ठेवा. पिशवीतल्या मातीतून बारीक गवतासारखी चकचकीत पाती वर आली असतील तर आणखी सावध राहा. तो खरा लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात त्याच्या गाठी सुगंधी लागतात, पण कुंडीत एक गाठ राहिली तरी वर्षभर उपटत बसावं लागतं. पाती ओढली की तुटते आणि गाठ आतच राहते.

इतर झाडांना गुदमरवणारी नर्सरीची चिकट लाल माती याला मात्र चालते. अडचण होते ती निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढवलेल्या रोपांची. पाणी भरलं की कोकोपीट तरंगतं आणि रोप कलंडतं. अशा रोपाची मुळं बादलीत हलवून धुवा आणि दोन भाग पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत अशा मिश्रणात लावा. वर बोटभर जाडीचा खडीचा थर द्या. कुंडी बारा इंची, रुंद तोंडाची आणि शक्यतो बिनभोकाची असावी. मातीवर दोन ते पाच सेंटिमीटर पाणी पुरतं.

उभं पाणी म्हणजे डास आलेच. मोठ्या टबात तीन-चार गप्पी मासे सोडले की काम होतं, मग त्यात रासायनिक खत किंवा कीटकनाशक टाकायचं नाही. छोट्या कुंडीत मासे ठेवू नका. तिथे पाण्याची पातळी खडीच्या वरच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे डासांना अंडी घालायला उघडं पाणीच मिळत नाही.

ऊन अर्ध्या दिवसाचं उत्तम. पूर्ण सावलीत दांडे लांबतात, बारीक होतात आणि वाऱ्यानं मोडतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी लागते. छत्र्यांवर फिकट ठिपके दिसले की खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा. पिवळा पडलेला दांडा बुडापासून कापा. मधूनच कापला तर तो पुन्हा फुटत नाही, नुसता खुंट वाळत राहतो.

याच्यावर जीव जडतो तो रोपं करण्याच्या सोपेपणामुळे. निरोगी छत्री पाच सेंटिमीटर दांड्यासह कापा, छदं कात्रीनं दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटा आणि छत्री उलटी, म्हणजे दांडा वर करून, वाटीभर पाण्यात तरंगत ठेवा. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. दोन ते तीन आठवड्यांत मधल्या गाठीतून पांढरी मुळं आणि हिरवे कोंब निघतात.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो हावरटपणासाठी: दोन वर्षांत मुळं कुंडी गच्च भरतात आणि प्लॅस्टिकची कुंडी फुगून तडकते. जूनमध्ये बेट बाहेर काढून जुन्या करवतीनं तीन-चार तुकडे करा. मधला म्हातारा भाग टाका, कडेचे लावा.

लव्हाळ्याच्याच कुळातलं, पिवळ्या पट्ट्यांचं ‘एव्हरगोल्ड’ केरेक्स दिसायला याहून देखणं, पण ते जपानच्या थंड, सावलीच्या हवेतलं. त्याला ओल हवी, साचलेलं पाणी नको. आपल्याकडच्या मैदानी उन्हाळ्यात त्याची पानं टोकाकडून वाळत जातात, म्हणून दोन्हींत निवडायचं तर सायपरस घ्या.

काढून टाकलेले तुकडे आणि बिया आलेल्या छत्र्या ओढ्या-नाल्याकडे टाकू नका. तिथे हे बेट मोकाट पसरतं. उन्हात कडकडीत वाळवून मगच कंपोस्टमध्ये घाला.