वागळे इस्टेटमधील एक अभ्यासिका: वर्गणीदाराचा अभिप्राय

ठाण्यात वागळे इस्टेटच्या किसननगर भागात, जुन्या पिठाच्या गिरणीच्या गाळ्यात, आसपासचे दुकानदार आणि रहिवासी यांच्या वर्गणीवर चालणारी एक अभ्यासिका आहे. गेली दोन वर्षे मी तिला दरमहा ५०० रुपये देतो. याच काळात आमच्या इमारतीमागच्या बैठ्या चाळीतील आठवीच्या एका मुलीला तिथे प्रवेश मिळवून देण्याचे कामही माझ्याकडे आले, त्यामुळे पैसे कुठे जातात आणि मुलाच्या पदरात काय पडते, या दोन्ही गोष्टी मला जवळून पाहता आल्या. अभिप्रायात तक्रारीही असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. त्या तक्रारी मी विश्वस्तांना आधीच सांगितल्या आहेत.

जागा साधी आहे. चाळीस मुले बसतील एवढी बाके, चार पंखे, वीज गेल्यास चालणारा इन्व्हर्टर आणि पिण्याच्या पाण्याचा कूलर, एवढाच संसार. शुल्क महिन्याला ५० रुपये आहे, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांची नोंद वेगळ्या वहीत होते. त्या वहीची मुलांसमोर वाच्यता होत नाही, हे मी लक्ष ठेवून पाहिले आहे. ज्या मुलीविषयी लिहितो आहे तिच्या घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात. वडील शेअर रिक्षा चालवतात, आई पाचपाखाडीत घरकाम करते, आणि संध्याकाळी नळाला पाणी येते तेव्हा पुस्तक मिटून हंडे भरावे लागतात. अशा घरातील मुलाला सलग दोन तास एकाच जागी, कोणी हाक न मारता बसता येणे म्हणजे काय, हे स्वतंत्र खोली मिळालेल्या मुलांच्या पालकांना समजावून सांगणे कठीण आहे.

मात्र या अभ्यासिकेचे खरे मोल बाकांमध्ये नसून तिथल्या ताईंमध्ये आहे. त्या दुपारी चार ते रात्री आठ मानधनावर काम करतात आणि शिकवण्याइतकाच वेळ कागदपत्रांना देतात. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला शाळांतून सर्रास एनएमएमएस म्हणतात, ती आठवीच्या परीक्षेवर मिळते आणि नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे आणि विद्यार्थी शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारा असावा, या तिच्या मुख्य अटी. बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी असे ९० गुणांचे दोन पेपर असतात, आणि त्यांतील पहिल्या पेपरातले प्रश्न पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे सरावाशिवाय हुशार मुलेही गडबडतात. ताईंनी हा सराव शनिवारी घड्याळ लावून घेतला. तो त्यांनी घेतला नसता तर आमच्या चाळीत तरी दुसरे कोणी घेणारे नव्हते.

सराव हा निम्माच भाग. आमच्या मुलीचे आडनाव आधार कार्डावर एका प्रकारे आणि शाळेच्या रजिस्टरात दुसऱ्या प्रकारे लिहिलेले होते, आणि वडिलांकडे उत्पन्नाचा दाखला नव्हता. एक दिवस सेतू केंद्रात घालवायचा म्हणजे रिक्षावाल्याची दिवसभराची कमाई बुडते; हे कारण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण नेमके अशाच कारणाने अर्ज राहून जातात. ताईंनी चाळीतील सहा पालकांचे कागद एकत्र करून सगळ्यांना एकाच दिवशी नेले. शाळेतून अर्ज भरला गेला की नाही, हे विचारायला त्या दोनदा मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुलगी निवड यादीत आली. उत्तीर्ण होऊनही कोट्यामुळे यादीत न बसलेल्या मराठा आणि कुणबी समाजातील मुलांसाठी ‘सारथी’ या राज्य शासनाच्या संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे, ही माहितीही मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच मिळाली. आयुष्यभर हिशेब लिहिण्याचे काम केलेल्या माणसाला ती ठाऊक नव्हती, तर मुलांच्या आईवडिलांना ठाऊक नसावी यात नवल नाही.

आठवीच्या या टप्प्यावर एवढा भर देण्याचे कारण कायद्यातच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याची हमी ६ ते १४ या वयोगटापुरती, म्हणजे आठवीपर्यंतची आहे. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांवर मोफत शिकलेल्या मुलांच्या पालकांसमोरही नववीत प्रथमच पूर्ण शुल्काचा आकडा येतो. म्हणून स्थानिक पैसा पहिलीच्या दप्तरवाटपापेक्षा या वळणावर लागला तर तो जास्त कामी येतो, असे माझे मत बनले आहे. दप्तरवाटपाचा फोटो चांगला येतो, हे मला मान्य आहे.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार वेळेची. आठ वाजता अभ्यासिकेला कुलूप लागते, आणि चाळीतला गोंगाट त्याच वेळी शिगेला पोहोचलेला असतो. नऊ ते अकरा या तासांत, जेव्हा मुलांना जागेची सर्वाधिक गरज असते, तेव्हा चाळीस बाके अंधारात रिकामी पडून राहतात. रविवारी तर अभ्यासिका पूर्ण बंद असते. विचारल्यावर ‘रात्री थांबायला माणूस नाही’ असे उत्तर मिळाले. त्याच खोलीतील कपाटात मात्र एका कंपनीने दिलेले पंधरा टॅब आहेत. त्यांतील अभ्यासक्रमाचे सदस्यत्व वर्षभरात संपले, नूतनीकरणाला पैसे नव्हते, आणि आता ते चार्जही केले जात नाहीत. माझ्या हिशेबाने त्या रकमेत रात्रपाळीच्या माणसाचे वर्षाहून अधिक काळाचे मानधन निघाले असते.

हे कसे घडते, तेही पाहायला हवे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य देणे अपेक्षित असते. वागळे इस्टेटमध्ये जुन्या कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्यामुळे देणाऱ्यांची इथे वाण नाही. परंतु मार्चअखेर जवळ आली की एकरकमी खर्च दाखवता येईल अशा वस्तू पटकन पसंत पडतात. दरमहा द्यायचा पगार मात्र पुढच्या वर्षी कोण देणार, या प्रश्नावर अडतो. दोष केवळ देणाऱ्याचा नाही, कारण विश्वस्तांनीही टॅब नको, माणूस द्या, असे स्पष्ट म्हटल्याचे मला आढळले नाही.

स्वच्छतागृह एकच आहे आणि त्याची कडी महिनाभर तुटलेली होती. मुलींच्या उपस्थितीवर याचा परिणाम झाला. संदर्भपुस्तके जुन्या अभ्यासक्रमाची आहेत, पण त्यावर सध्या मी अडून बसलेलो नाही.

ठाण्याला अशा वर्गणीची सवय नाही असे नव्हे. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ मध्ये उभे राहिले, आणि अलीकडे २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू करून रस्त्यावरच्या मुलांपर्यंत शाळाच नेली. त्या कामांशी या अभ्यासिकेची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. मात्र चाळीस बाकांच्या या खोलीला पाचपैकी साडेतीन गुण मी देईन, आणि त्यांतले तीन एकट्या ताईंचे आहेत.

प्रवेश जूनच्या पहिल्या आठवड्यात होतात. शिधापत्रिकेची प्रत आणि शाळेचे ओळखपत्र न्यावे, आणि मूल आठवीत जाणार असेल तर आधार कार्डावरील नाव शाळेच्या रजिस्टराशी त्याच आठवड्यात ताडून पाहावे. रात्री अकरापर्यंतच्या माणसासाठी मी आणि तीन दुकानदारांनी मिळून वेगळी वर्गणी सुरू केली आहे. अजून दोघे हवे आहेत.