हलक्या दोरीसाठी कास्टिंग रॉड घेताय? आधी मूठ बघा

पाच ग्रॅमचा मिन्नो (छोट्या माशाच्या आकाराचं बनावट आमिष), सहा-आठ पौंडांची दोरी आणि खाडीवर ओणवी झालेली तिवरं. या कामासाठी कास्टिंग रॉड घ्यायचा म्हटलं की तीन प्रकारच्या मुठी समोर येतात: वाकडी पिस्तुल-मूठ, आखूड सरळ मूठ (हल्ली बहुतेक मधे तोडलेली, म्हणजे स्प्लिट) आणि कोपरापर्यंत जाणारी लांब मूठ. कार्बन किती टनांचा, कड्या कुणाच्या, यावर लोक तासभर बोलतील. मूठ बघतील ती पैसे देताना. मी उलटं सांगतो. कास्टिंग रिळाचा सगळा फायदा अंगठ्यात आहे, आणि अंगठा स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या फिरकीवर, किती सहज टेकतो हे मूठ ठरवते. हलक्या दोरीला तर हे दुप्पट लागू, कारण चूक पोटात घालायला तिथे आमिषाचं वजनच नसतं.

त्याआधी दुसऱ्या प्रकारच्या रॉड-रिळाचा, म्हणजे स्पिनिंगचा, निकाल लावू, कारण बऱ्याच जणांना खरं तर तेच हवं असतं.

स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल जागचा हलत नाही. दोरी वेटोळ्यांनी सुटत जाते, त्यामुळे दीड-दोन ग्रॅमची जिगसुद्धा (डोक्याशी वजन असलेला गळ) आरामात जाते. कास्टिंग रिळात आमिषाला आधी स्पूल फिरवावा लागतो, मग पुढे जायचं. स्पूल आणि त्यावरची दोरी जड असेल तर तीन ग्रॅमचं आमिष त्याला धड जागं करू शकत नाही. हात जोर लावतो, स्पूल उशिरा पण भन्नाट सुटतो, आमिष हवेत मंदावतं आणि रिळावर तंगुसाचं घरटं तयार.

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडणाऱ्या जपानी शौकिनांनी यातून वाट काढली. बुडालेल्या फांद्यांत हलकं आमिष टाकायचं, पण स्पिनिंगची चार पौंडी दोरी तिथे टिकत नाही. जाड फ्लुरोकार्बन (ताठ, पारदर्शक दोरी) स्पिनिंगच्या स्पूलवर स्प्रिंगसारखं उसळतं. कास्टिंगच्या स्पूलवर मात्र गुमान बसतं. म्हणून उथळ, हलक्या स्पूलचं कास्टिंग रीळ आणि त्याला साजेसा लवचिक रॉड आला. त्यालाच बेट फिनेस किंवा बीएफएस म्हणतात. शिमानोचे अल्डेबरन, क्युराडो, एसएलएक्स हे बीएफएस रूपात मिळतात, आणि त्याच धाटणीची चिनी रिळं आता स्वस्तात येतात. पुढचं सगळं लिखाण असं रीळ तुमच्याकडे आहे किंवा येणार आहे असं धरून आहे. नेहमीचं खोल स्पूलचं रीळ लावायचं असेल तर रॉड कुठलाही घ्या, सात ग्रॅमच्या खाली मजा नाही.

माझी सीमारेषा अशी. आमिष तीन ग्रॅमपेक्षा हलकं, ब्रेड (विणलेली दोरी) ०.६ पीईपेक्षा (पीई हे तिच्या जाडीचं माप) बारीक, किंवा जागा म्हणजे जेट्टी नाहीतर खडप आणि समोरून दुपारचा खारा वारा: यांतलं एक जरी असेल तरी स्पिनिंगच. बारीक ब्रेड कास्टिंग स्पूलवर स्वतःच्याच थरात रुतते आणि पुढची फेक मधेच अडकते. लांब फेकायचं असेल तिथेही स्पिनिंग पुढे. कास्टिंगची खरी जागा म्हणजे दहा ते वीस मीटरच्या, नेमक्या, पुन्हापुन्हा मारायच्या फेकी: तिवरांच्या मुळांमधली बादलीएवढी फट, बंधाऱ्याखालचा फेसाळ कोपरा, ओढ्यातल्या दगडामागचं शांत पाणी. तिथे अंगठ्याने स्पूल हळूच दाबला की आमिष पाण्यावर आपटत नाही, अलगद उतरतं. स्पिनिंगमध्ये बोटाने दोरी अडवून हे जमवतात, पण ते कौशल्य वेगळं आणि माझ्या मते अवघडही.

आता मुठींकडे.

पिस्तुल-मुठीचा जन्म समजला तर तिची मर्यादाही समजते. १९५०च्या दशकापासून कास्टिंग म्हणजे स्वीडनच्या आबू अँबॅसडरसारखी गोल, उंच रिळं. सरळ दांडीवर असं रीळ बसवलं की स्पूल अंगठ्यापासून वर जातो. म्हणून रिळाची बैठक खाली दाबलेली आणि मागे बोटांना खाचा असलेली वाकडी मूठ. रीळ खाली उतरलं, अंगठा पोचला. पुढे बसकी रिळं आली. १९७०च्या दशकात अमेरिकेत ल्यू चिल्ड्रे यांनी आणलेलं स्पीड स्पूल बीबी-१ हे त्यातलं गाजलेलं. रीळच खाली आल्यावर मुठीने खाली जायचं कारण उरलं नाही.

म्हणजे पिस्तुल-मूठ बाद झाली का? नाही. एका हाताने, मनगटाच्या झटक्याने मारायच्या छोट्या फेकीसाठी ती अजूनही सुंदर आहे. पाच फुटी रॉड, छोटं गोल रीळ, चार ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) आणि मागे झाडी असलेला ओढा, असं चित्र असेल तर मागे लोंबणारं शेपूटच नको असतं. जपानातले डोंगरी ओढ्यांत ट्राउट पकडणारे अजून साडेचार-पाच फुटी काठ्या आणि छोट्या मुठी हौसेने वापरतात, त्यात लाकडी मुठीही असतात. दिसायला देखण्या, ओल्या हातात मात्र गुळगुळीत लाकूड सटकतं, हे विकणारा सांगत नाही. पिस्तुलाची अडचण मासा लागल्यावर कळते. बूड हाताच्या पुढच्या भागाला टेकायला जागाच नसते, सगळा भार मनगटावर. पाव किलोच्या चिलापीला चालेल. दीड किलोच्या तांबोशीने मुळांकडे धूम ठोकली की मनगटाला घाम फुटतो. आणि बसकं रीळ या मुठीवर बऱ्याचदा इतकं खाली जातं की अंगठा दुमडून ठेवावा लागतो. मग मुळातला हेतूच फसला.

लांब मुठीची गोष्ट याच्या अगदी उलट. तिचा मान वाढला तो जाड दोरीच्या कामातून. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७५ साली बुल शोल्स तलावावरची बास स्पर्धा लांब काठीने झाडोऱ्यात आमिष सोडत जिंकली. हेच ते फ्लिपिंग. स्पर्धांमध्ये मग रॉडला ८ फुटांची मर्यादा आली आणि फेनविकचा साडेसात फुटी फ्लिपिंग रॉड बाजारात आला. दोन्ही हातांनी धरा, बूड कोपराखाली दाबा आणि मासा उपटून काढा, असं ते काम. आजचे सात फुटी मीडियम कास्टिंग रॉड त्याच वळणाचे आहेत. आपल्याकडच्या दुकानांत कास्टिंग म्हणून मुख्यतः हेच मिळतात, म्हणून नवशिक्याला वाटतं की कास्टिंग म्हणजे हेच.

हलक्या दोरीला या लांबीचा जाच होतो. पाच ग्रॅम फेकायला हाताचा झोका लागत नाही, मनगट लागतं. आणि मनगट वळवलं की मागची दांडी पोटाला, लाइफ जॅकेटला किंवा कोपराला अडते. मिन्नोला खाली टोक करून झटके देताना ती दर वेळी हातावर आपटते. कयाकवर बसून तर नकोच. एक जागा मात्र लांब मुठीची आहे: उंच पूल किंवा धक्का, जिथे दहा-बारा ग्रॅम दोन हातांनी लांब मारायचे असतात. पण मग तुम्ही हलक्या दोरीच्या हद्दीच्या बाहेरच निघालात.

उरली आखूड सरळ मूठ, आणि माझं मत उघडच तिच्या बाजूने आहे. ट्रिगरपासून (रिळाच्या बैठकीखालचा, बोट अडकवायचा आकडा) बुडापर्यंत साधारण २० ते २३ सेंमी, म्हणजे बूड हाताच्या मधोमध टेकेल पण कोपराच्या पुढे जाणार नाही. मनगट मोकळं फिरतं, आणि मासा लागल्यावर टेकू मिळतो. स्प्लिट असली तर थोडं वजन वाचतं. त्याने मासे जास्त लागतात असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. माप छापील तपशिलात नेहमी नसतं, म्हणून टेप घेऊनच जा, नाहीतर स्वतःचा हात आहेच.

मुठीच्या लांबीइतकीच महत्त्वाची, पण कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे रिळाच्या बैठकीची जाडी. कास्टिंग रॉड काठी म्हणून धरत नाहीत, रीळच तळव्यात घेतात. ट्रिगरच्या पुढे किती बोटं ठेवता त्यावरून पकड ओळखतात. एक बोट पुढे: फेकताना बहुतेकांची हीच, मनगटाला जोर मिळतो आणि अंगठा सरळ स्पूलवर येतो. दोन बोटं पुढे: गुंडाळताना सगळ्यात आरामाची, रीळ तळव्यात बसतं. तीन बोटं पुढे: हात रिळाच्या बराच पुढे सरकतो, तर्जनी काठीला लागते आणि हलकी टिचकीही कळते, जिग तळाशी नाचवताना मला हीच आवडते, पण मोठा मासा ओढताना ही पकड डळमळते. चांगल्या बैठकीवर या तिन्हींत हात न बघता सरकायला हवा. रॉडचे भाग बनवणाऱ्या फुजी कंपनीच्या बैठकांतच बघा, एसीएस हातात भरीव लागते, एसकेटीएस सडपातळ. हात लहान असेल तर १७ ऐवजी १६ मापाची बैठक शोधा. रुंद बैठकीवर छोट्या हाताने दिवसभर रीळ पकडलं की संध्याकाळी अंगठ्याच्या बुडाशी कळ येते, आणि दोष रिळाला दिला जातो.

हँडल डावं की उजवं? उजव्या हाताने फेकणाऱ्याने हलक्या कामासाठी डावं हँडल घ्यावं. उजवं घेतलं तर प्रत्येक फेकीनंतर रॉड डाव्या हातात द्यावा लागतो, आणि तिवरांच्या फटीतला मासा बऱ्याचदा आमिष पडतापडताच धरतो. ती हात बदलण्याची वेळच घातकी. ज्यांच्या हाताला उजवं पक्कं बसलंय त्यांनी बदलू नये. सवय हीसुद्धा गियरच आहे.

रॉड कसा वाकतो याचाही मुठीशी संबंध आहे. हलकं आमिष फेकायला टोकाबरोबर मधला भागही थोडा वाकायला हवा, तरच काठी भरते आणि मनगटाच्या छोट्या हालचालीत काम होतं. ताठ, फक्त टोकाला वाकणाऱ्या रॉडने तेच आमिष फेकायला हात मोठा फिरवावा लागतो. मग आखूड मुठीचा उपयोग काय? शिवाय पातळ दोरीवर ताठ रॉडने हिसका दिला की गाठ तुटते. छोटे, बारीक तारेचे गळ नुसत्या सलग ओढीनेही रुततात. मिन्नो आणि स्पिनरसाठी थोडा मऊ रॉड, अगदी ग्लास फायबरचाही चालेल. तळाची जिग आणि मऊ रबरी आमिषांसाठी कार्बन, कारण तिथे स्पर्श वाचायचा असतो. अल्ट्रालाइट, लाइट या शब्दांचं कंपन्यांमध्ये एकमत नाही. काठीवर छापलेलं ग्रॅममधलं वजन वाचा. २ ते ७ ग्रॅम लिहिलं असेल तर चार-पाच ग्रॅमला ती सर्वांत गोड चालते, दोनला नुसती सहन करते.

मरळीसाठी हे सगळं विसरा. शेवाळाच्या जाळ्यात आणि पाणवनस्पतींत हलकी दोरी म्हणजे माशाच्या तोंडात गळ सोडून येणं, तिथे जाड ब्रेड आणि लांब मूठच. मोठ्या जिताड्याचंही तेच. हलका कास्टिंग सेट शोभतो तो छोट्या तांबोशी, खडकाजवळचे छोटे गोबरे, उजनीतली चिलापी अशांना. धरणावर जाणार असाल तर तिथला मासेमारीचा ठेका बऱ्याचदा सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारून घ्या.

मुठीचं साहित्य खाडीवाल्याने वेगळं बघावं. कॉर्क हाताला उबदार, पण कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात काळं पडतं, बुरशीही धरते. ईव्हीए फोम मळत नाही, दोन-तीन वर्षांनी चकाकतो आणि थोडा घट्ट होतो, एवढंच. मी खाऱ्या पाण्याला ईव्हीए आणि घाटावरच्या ओढ्यांना कॉर्क म्हणेन. हलक्या बीएफएस रिळाचे छोटे बेअरिंग मिठाला नाजूक असतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा हलका फवारा, पुसणं, सावलीत वाळवणं. बादलीत बुडवणं मात्र नको, मीठ उलट आत जातं.

नेण्याआणण्याचा प्रश्न राहिला, आणि तो एसटी किंवा दुचाकीवाल्याला छोटा नाही. मधोमध जोडाचे दोन तुकडी रॉड सोयीचे. काही चांगल्या हलक्या कास्टिंग रॉडचा जोड मुठीपाशी असतो, त्यामुळे वरची काठी अखंड वाकते, पण साडेसहा फुटी रॉडचा तो एक तुकडा पाच फुटांच्या वर जातो. गाडी असेल तर हा जोड घ्या. नसेल तर मधल्या जोडाचा घ्या आणि जोडाला वर्षातून एकदोनदा मेण लावा. विकत घेताना आपलं रीळ सोबत न्या, बैठकीत घट्ट बसवा, डोळे मिटून अंगठा टेका. दोन बोटांच्या पकडीत अंगठा ताणावा लागत असेल तर पुढचा रॉड मागा.