कासा स्वयंसेवकांचे मार्गदर्शन कोणाकडे सोपवावे: वेतनिक पर्यवेक्षकाकडे की अनुभवी स्वयंसेवकाकडे?

अमेरिकेत फॉस्टर केअरमधील, म्हणजे आई-वडिलांपासून दूर तात्पुरत्या देखभालीत ठेवलेल्या, मुलांची बाजू न्यायालयासमोर मांडणाऱ्या कासा (CASA, म्हणजे न्यायालयाने नेमलेले विशेष प्रतिनिधी) स्वयंसेवकांच्या कामाला १९७७ मध्ये सिअ‍ॅटल येथे सुरुवात झाली. किंग काउंटीतील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना मुलांच्या भवितव्याचे निर्णय अपुऱ्या माहितीवर द्यावे लागत होते, आणि म्हणून त्यांनी प्रशिक्षित नागरिकांना मुलांच्या वतीने बोलण्यासाठी नेमण्याची पद्धत आणली. आज ही पद्धत देशभर रुजली असून स्थानिक कार्यक्रम चालवणाऱ्यांपुढे एक प्रश्न वारंवार येतो. प्रशिक्षण संपवून पहिले प्रकरण हाती घेतलेल्या स्वयंसेवकाला पुढचे दीड-दोन वर्षे कोणी सांभाळायचे? एका व्यवस्थेत हे काम पगारी पर्यवेक्षक करतो, तर दुसऱ्या व्यवस्थेत कार्यक्रमातीलच एखादा मुरलेला स्वयंसेवक समन्वयक म्हणून काही नव्या स्वयंसेवकांची जबाबदारी घेतो आणि पर्यवेक्षक त्या समन्वयकांना मार्गदर्शन करतो. ज्यांना या दोहोंतून निवड करायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

आधी गरज नेमकी कशाची आहे, ते पाहू. स्वयंसेवकाला कामाला लागण्यापूर्वी साधारण ३० तासांचे आणि त्यानंतर दरवर्षी १२ तासांचे प्रशिक्षण मिळते. त्यात कायदा, बालविकास, आघाताचे परिणाम आणि अहवालाची रचना शिकवली जाते. तथापि खरे प्रश्न वर्गात उभे राहत नाहीत. मूल भेटीत गप्प बसले तर काय करावे, फॉस्टर पालक आणि समाजसेवक परस्परविरोधी माहिती देत असतील तर कोणाला काय विचारावे, शाळेचे कागद मिळत नसतील तर कोणाचा दरवाजा ठोठवावा, हे प्रश्न प्रत्यक्ष प्रकरणातच पडतात. शिवाय वेळ हातात फार नसतो. संघराज्याच्या कायद्यानुसार प्रकरणाचा आढावा किमान दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो, आणि १९९७ च्या कायद्यामुळे मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिले असेल, तर काही अपवाद वगळता राज्याला पालकांचे अधिकार संपुष्टात आणण्याचा अर्ज करावा लागतो. मार्गदर्शन उशिरा मिळाले, तर त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

वेतनिक पर्यवेक्षकाचे मोठे बळ म्हणजे त्याला न्यायालय आतून माहीत असते. कोणते न्यायाधीश अहवालात काय शोधतात, बाल कल्याण विभागात कोणाशी बोलले असता काम पुढे सरकते, कोणती शिफारस कायद्याच्या चौकटीत टिकणार नाही, हे त्याने अनेक प्रकरणांत पाहिलेले असते. फाइल त्याच्याकडे असते आणि उत्तरदायित्वही त्याच्याकडेच असते. उणीव आहे ती वेळेची. कासा कार्यक्रमांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मानकांप्रमाणे एका पूर्णवेळ पर्यवेक्षकाकडे ३० पेक्षा अधिक सक्रिय स्वयंसेवक असू नयेत, परंतु तीस माणसे आणि त्यांच्यामागची मुले हाही काही लहान आकडा नाही. ज्या आठवड्यात दोन प्रकरणांत मुलांना अचानक दुसऱ्या घरी हलवले जाते, त्या आठवड्यात बाकीच्या स्वयंसेवकांच्या वाट्याला ‘या महिन्यात भेट झाली का, अहवाल केव्हा देणार’ एवढीच विचारपूस येते. तिला मार्गदर्शन म्हणणे कठीण आहे.

अनुभवी स्वयंसेवकाकडे हातावर मोजण्याइतकेच सहकारी असल्यामुळे तो निवांतपणे ऐकू शकतो. नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकाला संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी फोन करणे त्याला जमते. ज्या कामात आपण गोंधळलो आहोत ते याने स्वतः केलेले आहे, ही जाणीवही नव्या माणसाला मोकळे करते. कार्यालयाशी बोलताना जी भीती किंवा थकवा झाकला जातो, तो येथे बोलून दाखवला जातो आणि म्हणून स्वयंसेवक प्रकरण अर्धवट सोडण्याच्या बेतात असेल तर ते लवकर लक्षात येते. या व्यवस्थेतील धोका वेगळा आहे. समन्वयक आपल्या जुन्या प्रकरणाचा दाखला प्रत्येक नव्या प्रकरणाला लावू लागतो, किंवा दुसऱ्या स्वयंसेवकाची चूक दाखवून देण्यास संकोचतो. गोपनीय माहिती जाणणारे माणूसही एकाने वाढते, त्यामुळे त्याविषयीचे नियम लेखी असणे अपरिहार्य ठरते.

दोन्ही व्यवस्थांची कसोटी एका प्रसंगावर लावून पाहावी. समजा, एखादी स्वयंसेविका म्हणते की आईने मुलाच्या भेटी वारंवार चुकवल्या आहेत, तेव्हा मूल आईकडे परत पाठवण्याच्या विरोधात मी शिफारस करणार आहे. अशा वेळी उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारणे अधिक मोलाचे असते. किती भेटी ठरल्या होत्या आणि किती झाल्या, हे कोणाच्या नोंदीवरून समजले? भेटीची वेळ आईच्या कामाच्या पाळीत येत होती का? तिथवर पोहोचायला वाहन होते का? झालेल्या भेटींत मूल कसे वागले आणि त्याला स्वतःला काय हवे आहे? गरिबीची चिन्हे आणि दुर्लक्षाची चिन्हे पुष्कळदा सारखीच दिसतात, आणि ती वेगळी करायला शिकवणे हे मला या मार्गदर्शनातील सर्वांत अवघड व सर्वांत आवश्यक काम वाटते. असे प्रश्न विचारण्याइतका वेळ समन्वयकाकडे असतो. पण त्या प्रश्नांच्या उत्तरांचा कायदेशीर अर्थ काय, विभागाने आईला मदत देण्याचे पुरेसे प्रयत्न केले होते का, हा मुद्दा न्यायालयात कसा मांडायचा, येथे पर्यवेक्षकाचीच गरज भासते.

म्हणून काही बाबी कोणत्याही व्यवस्थेत समन्वयकाच्या पातळीवर मिटवू नयेत. छळाची किंवा धोक्याची शंका आल्यास माहिती त्याच दिवशी पर्यवेक्षकापर्यंत आणि कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेपर्यंत पोहोचली पाहिजे. मूल अमेरिकेतील मूळनिवाशांच्या एखाद्या जमातीचे (आदिवासी राष्ट्राचे) सदस्य असण्याची शक्यता असेल, तर १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायदा लागू होऊ शकतो आणि प्रकरणाची दिशाच बदलते. न्यायालयात जाणारा प्रत्येक अहवाल पर्यवेक्षकाने आधी वाचावा, मात्र त्यातील शिफारस स्वयंसेवकाला न कळवता बदलू नये. मतभेद झाल्यास तो कोणी व कसा सोडवायचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. मुलाला स्वतःच्या घरी नेणे किंवा त्याच्या कुटुंबाला पैसे देणे यांसारख्या मर्यादाभंगांबाबत समन्वयकाने सौम्य शब्दांत समज द्यावी, पण कार्यालयाला कळवणे टाळू नये. माया आणि मर्यादा यांची ओढाताण चांगल्या स्वयंसेवकाच्याच वाट्याला अधिक येते, आणि त्याला त्याबद्दल अपमानित वाटू देता कामा नये.

खर्च वाचावा म्हणून दुसरी व्यवस्था निवडणाऱ्यांना मी थांबून विचार करायला सांगेन. समन्वयकांना वेगळे प्रशिक्षण लागते, त्यांच्याशी नियमित बैठक लागते आणि त्यांच्या मनावरचा ताण ऐकून घेणारेही कोणी लागते. पर्यवेक्षकाचा हा वेळ राखून ठेवला नाही, तर नव्या स्वयंसेवकाच्या मागे प्रत्यक्षात कोणीच उभे राहत नाही.

लहान कार्यक्रमात, जिथे स्वयंसेवकांची संख्या एका पर्यवेक्षकाला पेलण्यासारखी आहे, तिथे पहिलीच व्यवस्था ठेवावी आणि महिन्यातून एकदा सर्वांना एकत्र बसवून सहकाऱ्यांच्या आधाराची उणीव भरून काढावी. मोठ्या कार्यक्रमात, जिथे किमान एक प्रकरण शेवटपर्यंत नेलेले आणि स्वतःचे मत बाजूला ठेवून ऐकू शकणारे लोक आहेत, तिथे दुसरी व्यवस्था अधिक फलदायी ठरू शकते. तरीही पहिली सुनावणी होईपर्यंत नव्या स्वयंसेवकाला थेट पर्यवेक्षकाशी जोडून ठेवावे आणि त्यानंतर समन्वयकाकडे सोपवावे, असे माझे मत आहे. सोपवताना तिघांनी एकत्र बसून प्रकरणातील पुढच्या तारखा, अपूर्ण कामे आणि कोणत्या प्रश्नासाठी कोणाला फोन करायचा, हे ठरवून घ्यावे.